हत्याराचे नाव

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द आपण तलवारीला लावतो आणि करवतीलाही लावतो. मी ज्या कारखान्यात एकतीस वर्षे टूलरूममध्ये काम केले तेथे खंडेनवमीला लेथ, ड्रिल, कानशी, मायक्रोमीटर, सगळ्यांना झेंडूच्या माळा पडत, आणि त्या दिवशी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर मांडलेले दिसत. तलवार कशासाठी आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. करवतीचेही तसेच. परंतु अशीही काही हत्यारे असतात की ती ज्याने घडवली त्याच्याखेरीज जगात कोणालाच ती कशासाठी आहेत हे ठाऊक नसते. असे एक हत्यार एकदा माझ्या हातात आले होते. मी ते ओळखले नाही. त्या न ओळखण्याचा दोष किती माझा आणि किती ज्याने ते घडवले त्याचा, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून आहे. तो केवळ यंत्रांपुरता नाही असे वाटल्यामुळे वाचकांपुढे मांडतो.

आमच्या वडिलांनी १९७४ साली एक जुनी अॅम्बॅसॅडर घेतली. गाडी १९६८ ची, मार्क-टू. गावातल्या कित्येक नवऱ्या त्या गाडीतून देवळात गेल्या. भाडे म्हणून कोणी पैसे देई, कोणी सुकेळ्यांचे पुडके. अॅम्बॅसॅडर ही मुळात इंग्लंडच्या काउली येथील मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून ती बंगालमधील उत्तरपाडा येथे या नावाने बांधायला घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे नवे पैसे आले आणि पुढच्या वर्षी किलो-ग्रॅम सुरू झाले. म्हणजे देश दशमानाकडे निघाला आणि ही गाडी इंच-सुतांचे गाठोडे घेऊन आत शिरली. उत्तरपाड्याचे उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबले तोवर तिच्यात पुष्कळ बदल झाले होते, पण आमच्या गाडीची गिअरबॉक्स जुन्याच घडणीची होती: चार गिअर, दांडा स्टिअरिंगखाली, आणि पहिला गिअर घालायचा तर गाडी उभी करावी हे उत्तम.

१९८६ मध्ये ती पेटी प्रथम उघडावी लागली. गावच्या नाक्यावर एक मिस्त्री होते. कारखान्याची पायरीही न चढलेला हा माणूस नुसत्या कानाने इंजिनाचे दुखणे सांगत असे. त्यांनी पेटी उघडली, भाग मांडले, मला एकेक दाखवला. मात्र जोडणीची वेळ आली तेव्हा त्यांनी हाताखालच्या पोराला चहा आणायला पिटाळले, दाराला गोणपाट लावले आणि मलाही म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर बसा.” तासाभराने गोणपाट निघाले तेव्हा पेटी बंद झाली होती. त्या गोणपाटाचा मला राग आला नव्हता. उलट, एखाद्या वैद्याने मात्रेचे नाव सांगू नये, तसे ते मला शोभून दिसले.

मिस्त्री १९९८ मध्ये गेले. मुलगा दुबईला होता, गॅरेज चालवणारे कोणी नव्हते. महिनाभराने त्यांच्या पत्नीने मला बोलावून घेतले. पुढ्यात हत्यारांची पेटी ओढली आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही कारखान्यातले. यात ठेवण्यासारखं काय आहे ते तेवढं बघून द्या.” मी बघितले. पाने, पक्कड, पुलर बाजूला काढले. तळाशी विचित्र वस्तू होत्या: वीतभर लांबीचा, दोन्ही टोके घासून गोल केलेला एक गुळगुळीत लोखंडी दांडा, आतून तासलेली एक जाड कडी, एका बाजूने तोंड किंचित पसरट, एक वाकवलेला पाना. कशावर आकडा नाही, अक्षर नाही. आमच्या टूलरूममध्ये प्रत्येक वस्तूवर नंबर ठोकलेला असे. नंबर नसलेली वस्तू म्हणजे उरलेला तुकडा, हे माझ्या हाडीमांसी खिळलेले होते. मी म्हणालो, “वहिनी, पाने ठेवा, चांगला भाव येईल. बाकी भंगार आहे.” बाकीचे भंगारवाल्याने वजनावर नेले.

वडील २००५ मध्ये वारले. २००८ मध्ये मी निवृत्त झालो. आता गाडी स्वतःच दुरुस्त करावी असे मनाने घेतले, कारण गाडी न्यूट्रलमध्ये उभी असता पेटीतून घरघर यायची आणि क्लच दाबला की थांबायची, आणि चढणीवर तिसरा गिअर आपोआप सुटायचा. फोर्टच्या पदपथावर पूर्वी कधीतरी घेतलेले ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे वर्कशॉप मॅन्युअल माझ्यापाशी होते. २००९ च्या पावसाळ्यात पेटी उतरवली, पुस्तक उघडले आणि चौथ्या की पाचव्या चित्रापाशी माझा हात थांबला. चित्रात एक गुळगुळीत दांडा होता, टोके गोल केलेली. पुढच्या पानावर एक कडी होती, एका बाजूने तोंड पसरट. अकरा वर्षांपूर्वी मी ज्यांना भंगार म्हटले होते ती हीच दोन हत्यारे.

ती कशासाठी असतात हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावरच उभा आहे. या जातीच्या पेटीत खालच्या अंगाला एक पोकळ, अनेक दात्यांचा गिअर असतो. त्याच्या पोटातून एक कठीण पोलादाची कांब आरपार जाते. तिला लेशाफ्ट म्हणतात. गिअर आणि कांब यांच्यामध्ये सुईसारख्या बारीक रोलरांची रांग गोलाकार बसवलेली असते. हे रोलर एकमेकांना कोणी बांधलेले नसतात. आत कांब आहे म्हणूनच ते जागेवर असतात. कांब काढली की सगळे घरंगळून पेटीच्या तळाशी. त्यातून अडचण अशी की हा गिअर आधी तळाशी नेऊन ठेवल्याखेरीज वरचा मुख्य शाफ्ट आत बसत नाही, आणि कांब आरपार असताना गिअर तळाशी जात नाही. कांब हवी आणि कांब नको, असा तो पेच आहे. तो सोडवतो तो वीतभर दांडा. जाडीला कांबेपेक्षा दोन-चार थाऊ कमी, लांबीला फक्त गिअर आणि दोन्हीकडच्या वॉशरांएवढा. ग्रीस लावून रोलर बसवायचे, त्यांना आतून हा दांडा धरतो. गिअर सुखरूप तळाशी जातो. वरचा शाफ्ट बसतो. मग गिअर उचलून खरी कांब एका बाजूने ढकलत न्यायची, आणि ती जशी आत येते तसा हा दांडा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. कारागीर त्याला ‘डमी’ म्हणतात. खऱ्याची जागा राखणे आणि खरा आला की निघून जाणे एवढेच त्याचे काम. कडीचे काम निराळे. सिंक्रोच्या हबमध्ये स्प्रिंगवर बसलेल्या बारीक गोळ्या असतात, त्या दाबून धरल्याशिवाय वरची बाही सरकत नाही, आणि माणसाची बोटे त्या सगळ्या एकाच वेळी दाबायला पुरत नाहीत. एखादी निसटली तर ती गॅरेजच्या कोणत्या कोपऱ्यात सापडेल हे सांगता येत नाही. आणि ती डोळ्यात गेली तर पुढचे विचारायलाच नको.

चुकीची भरपाई म्हणून प्रथम मी ही हत्यारे शोधू लागलो. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकाने दाटीने आहेत, तेथे गेलो. चोरबाजारात मटन स्ट्रीटला दोन रविवार घालवले. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात नवी लेशाफ्ट मिळाली, कारण जुनीच्या एका टोकाला देवीच्या व्रणांसारख्या खाचा पडल्या होत्या. डमी मात्र कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. नागदेवीच्या एका वृद्ध दुकानदाराने चित्र बघून एवढेच सांगितले, “हे आमच्याकडे कधी विकायला आलेच नाही.”

ते खरे होते. पुस्तकात प्रत्येक खास हत्यारापुढे ‘१८ जी’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला आहे. ब्रिटिश गाड्यांसाठी अशी हत्यारे चर्चिल नावाची कंपनी करी; अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी केंट-मूर करी आणि तिच्या क्रमांकांआधी ‘जे’ अक्षर असे. ही हत्यारे अधिकृत विक्रेत्यांच्या कार्यशाळांसाठी असत. नाक्यावरच्या मिस्त्रीपर्यंत पुस्तकाचे चित्रही पोहोचत नसे, मग हत्यार कुठले? म्हणजे आमच्या मिस्त्रींनी ती डमी चित्र न पाहता, निव्वळ पेच समजून घेऊन, स्वतःच्या बुद्धीने घडवली असली पाहिजे. किंवा त्यांच्या उस्तादाने. काउलीच्या अभियंत्यांनी कागदावर जे उत्तर काढले तेच उत्तर वसईच्या नाक्यावर कोणीतरी कानशीने घासून काढले होते, आणि मी त्याचा भाव किलोवर ठरवला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा प्रकाराला हल्ली ‘जुगाड’ म्हणून टाळ्या मिळतात. मला तो शब्द आवडत नाही. जुगाड म्हणजे आजचे भागवणे. ती डमी तशी नव्हती. तिच्या टोकांची गोलाई इतकी सारखी होती की आज आठवली तरी माझ्यातल्या टूलमेकरला लाज वाटते. जुगाड करणारा हातोडा उचलतो. पुष्कळ गॅरेजांत कडी नाही म्हणून बाही ठोकून बसवतात. ती बसतेही, आणि सहा महिन्यांनी गिअर पुन्हा सुटू लागतो. हातोड्याचा दोष हा की तो वस्तूला काही विचारत नाही. खास हत्यार घडवण्यापूर्वी मात्र वस्तू समजून घ्यावीच लागते. अॅरिस्टॉटलने आपल्या ‘राजनीती’त एका ठिकाणी म्हटले आहे की डेल्फीचे लोहार अनेक कामांना चालणारी एकच सुरी करतात तसा कंजूषपणा निसर्ग करीत नाही, एका कामासाठी केलेले साधनच ते काम उत्तम करते. त्याचा संदर्भ घर आणि समाजव्यवस्थेचा होता आणि त्यातून त्याने काढलेले काही निष्कर्ष, विशेषतः गुलामांविषयीचे, आपल्याला पटणारे नाहीत. सुरीविषयी मात्र त्याचे म्हणणे बरोबर होते असे कोणताही टूलमेकर सांगेल.

शेवटी मी दोन्ही हत्यारे स्वतः केली. वालीवला एका जुन्या सहकाऱ्याचा गाळा आहे, तेथील लेथवर. पहिली डमी जाडीला बरोबर झाली पण लांबीला तसूभर जास्त राहिली, आणि गिअर तळाशी जाईना. दुसरी जमली. कडीला दोन दिवस गेले, कारण आतला पसरटपणा किती असावा हे चित्रात दिसत नाही. ते हबच सांगतो. एकूण चार दिवसांचे काम. प्रत्यक्ष जोडणीत डमी माझ्या हातात फार तर पाऊण तास होती. पेटी जोडली, घरघर गेली. सहकारी म्हणाला, “पाऊण तासासाठी चार दिवस? एवढ्यात कुठूनतरी दुसरी पेटी आणून बसवली असतीस.” हिशेबाने त्याचे बरोबर होते.

परंतु मूळ प्रश्न हिशेबाचा नव्हताच. प्रश्न त्या गोणपाटाचा होता.

मोटारी करणाऱ्या कंपन्या हत्यारे आणि माहिती आपल्याच विक्रेत्यांपुरती ठेवतात, याविषयी आज आपण बोलतो. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना मूळ सुटे भाग, पुस्तके आणि दोष शोधण्याची उपकरणे मिळू दिली जात नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. नव्या गाडीचा दोष आता कानाने कळत नाही. त्यासाठी संगणकाला जोडायचे यंत्र लागते, आणि त्या यंत्राची किल्ली कंपनीकडे. डमी मी लेथवर करू शकलो. ती किल्ली मला कोणत्याही लेथवर करता येणार नाही. ज्याने वस्तूचे पूर्ण मोल दिले त्याला ती उघडण्याचे साधन नाकारणे हा अन्याय आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

मग मिस्त्रींचे गोणपाट? त्यांनीही तेच केले. पोराला चहाला पाठवले, मला बाहेर बसवले, हत्यारावर अक्षर ठेवले नाही. कंपनीला अन्यायी म्हणणारा मी मिस्त्रींना मात्र वैद्याची उपमा देतो, हे कोणत्या न्यायाने?

पहिले उत्तर सोपे आहे. कंपनीजवळ कारखाना आहे, भांडवल आहे, वकील आहेत. मिस्त्रींजवळ ती डमी हेच भांडवल होते. तिचे रहस्य फुटले असते तर नाक्यापलीकडच्या गॅरेजने निम्म्या दरात काम घेतले असते. जुन्या गावगाड्यात लोहार-सुतारांच्या कसबाभोवती जातीची भिंत होती, आणि तीही निर्दोष नव्हती. पण त्या भिंतीआड निदान बापाचे हत्यार मुलाकडे येत असे. मिस्त्रींच्या मुलाला त्यांनी स्वतःच दुबईला पाठवले होते. दुर्बळाने आपली भाकरी झाकून ठेवली तर तिला साठेबाजी म्हणू नये.

हे उत्तर मी बरीच वर्षे स्वतःला देत आलो. ते खोटे नाही, पण त्याने भागत नाही. कारण त्यात तो चहा आणायला गेलेला पोरगा कुठेच नाही. तो सहा वर्षे मिस्त्रींच्या हाताखाली होता. गोणपाट लागले की तो समजून निघून जाई. पुढे त्याने गॅरेज सोडले आणि रिक्षा घेतली. मिस्त्रींना त्याच्यापासून कसले भय होते? तो प्रतिस्पर्धी व्हायला अजून दहा वर्षे होती. भाकरी झाकावी हे खरे. पण जो आपल्याच ताटात जेवायला बसला आहे त्याच्यापासूनही? मला वाटते, हळूहळू भाकरीचा प्रश्न मागे पडला होता आणि ‘हे फक्त मलाच येते’ या भावनेचीच त्यांना गोडी लागली होती. ती गोडी मी ओळखतो. टूलरूममध्ये माझ्याही खणात दोन-तीन गेज होते, ज्यांचा उपयोग मी कोणालाच सांगितला नव्हता, आणि माझी नोकरी तर पक्की होती.

आणि माझा दोष? मी जाणून काही लपवले नाही. मी फक्त न विचारता निकाल दिला. “हे काय असेल ते मला कळत नाही” असे म्हणायला मला काहीही खर्च आला नसता. वहिनींनी त्या वस्तू फडताळात ठेवल्या असत्या, फार तर गंजल्या असत्या. परंतु जाणकार म्हणून मला बोलावले होते, आणि जाणकाराला ‘कळत नाही’ म्हणणे जड जाते. मिस्त्रींचे मौन आणि माझा अहंकार, या दोहोंमध्ये ते हत्यार चिरडले गेले. यांतले एकच असते तर कदाचित वाचले असते. पोराला ठाऊक असते तर माझ्या मूर्ख निकालाला तो आडवा आला असता. मी नम्र असतो तर मिस्त्रींचे मौन मोडायला अकरा वर्षांनी का होईना ते पुस्तक होते.

वहिनींना मी हे सांगितले का, असे कोणी विचारील. सांगितले, २०१० मध्ये. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “त्या दांड्यानं मी कधीकधी लसूण ठेचायचे, भाऊ. ते रागवायचे. मला वाटायचं, लोखंडाच्या तुकड्यासाठी एवढं काय.” मग थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

माझ्या दोन्ही हत्यारांवर मी आता अक्षरे ठोकली आहेत. आकडे नाहीत, आकड्याचा अर्थ पुस्तकात असतो आणि पुस्तक हरवते. डमीवर ठोकले: ‘अॅम्बॅसॅडर जुनी गिअरबॉक्स, लेशाफ्टची जागा राखण्यासाठी’. अक्षरे वाकडीतिकडी आली आहेत, कारण देवनागरी पंच बाजारात मिळाले नाहीत आणि छिन्नीने एकेक रेघ पाडावी लागली. कडीवर जागा कमी होती, तिच्यावर फक्त ‘सिंक्रो हब, पसरट तोंडाने आत’ एवढेच मावले.

गेल्या वर्षी नालासोपाऱ्याहून एक तरुण आला. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचा त्याला नाद आहे, त्याच्याकडे एक अॅम्बॅसॅडर उघडून पडली होती. त्याने दोन्ही हत्यारे मागितली. खरे सांगायचे तर माझा हात क्षणभर फडताळाच्या दारावरच राहिला. वाटले, येथेच घेऊन ये, मी बसवून देतो. तसे म्हणालोही. तो म्हणाला, “काका, मला स्वतः करून बघायचं आहे.” मग मी ती कापडात गुंडाळून दिली आणि रोलर बसवताना ग्रीस जाड वापर, पातळ नको, एवढे सांगितले.

डमी त्याने महिन्याभरात परत आणून दिली. कडी अजून त्याच्याकडेच आहे. त्याच्या कोणा मित्राची गाडी उघडली आहे म्हणे, विरारला.